निरोप पोचला का?

कामोठ्यात रात्री अकरानंतर दोनच आवाज उरतात. एक हार्बरच्या शेवटच्या गाड्यांचा, मानसरोवर आणि खांदेश्वरच्या दरम्यानचा. दुसरा सायन-पनवेल महामार्गावरून कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रेलरांचा. पहिल्याची सवय होते. दुसऱ्याची होत नाही. चाळीस फुटी डबा लादलेला ट्रेलर खड्ड्यात आदळला की आमच्या खिडकीच्या काचा वाजतात आणि अर्धवट झोपेतही मनात येतं, गेला एक डबा.

माझ्याच मजल्यावरचा एक शेजारी या वेळी हमखास गॅलरीत उभा असतो. तो सीएचएकडे नोकरीला आहे. सीएचए म्हणजे कस्टम हाऊस एजंट. सरकारी कागदांवर त्यांना आता कस्टम्स ब्रोकर म्हणतात, पण कामोठे-कळंबोली-उरण पट्ट्यात शब्द एकच, सीएचए. त्याच्या हातात फोन असतो आणि तो तीन अक्षरांची वाट पाहत असतो: ओओसी. आऊट ऑफ चार्ज. सीमाशुल्क खात्याचं या मालाशी असलेलं काम संपलं, माल न्या. ही तीन अक्षरं येईपर्यंत डबा जागचा हलत नाही, पण फुकटचे दिवस संपले की मीटर दोन बाजूंनी पळायला लागतं. सीएफएसवाले, म्हणजे बंदराबाहेर डबे ठेवणारे, ग्राउंड रेंट लावतात, शिपिंग लाइन डिटेन्शन लावते, आणि पार्टी, म्हणजे मालाचा मालक, दर अर्ध्या तासाने फोन करून विचारते, झालं का?

त्याच्या सांगण्यानुसार पुष्कळदा काम झालेलं असतं. शुल्क भरलेलं असतं, अधिकाऱ्याने पाहिलेलं असतं. निरोप मधेच कुठेतरी बसलेला असतो.

मी पंधराएक वर्षं पगार घेऊन याच निरोपांमागे धावलो. व्हिजिटिंग कार्डावर त्या कामाला 'इंटिग्रेशन' म्हणत. आईला ते कधी धड समजावता आलं नाही. एकदा म्हटलं, एका कंपनीच्या कॉम्प्युटरचा निरोप दुसऱ्या कंपनीच्या कॉम्प्युटरला पोचवायचा. ती म्हणाली, मग पोस्टमन आहेस असं सांग की. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पोस्टमनला निदान पत्ता वाचता येतो की नाही याची काळजी नसते. आमच्या धंद्यात निम्मा वेळ पत्त्याच्या भाषेवरच जातो.

भाषेचंच बघा. न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावं. २६ मे १९८९ ला तिथलं बंदर सुरू झालं. अधिकृत नावात जवाहरलाल नेहरू, पाटीवर आधी जेएनपीटी, आता जेएनपीए, परदेशी कागदांवर न्हावा शेवा, आणि आमच्याकडे नुसतं 'पोर्ट'. माणसाला हे सगळं चालतं. यंत्राला चालत नाही. म्हणून जगभरच्या संगणकांपुरतं या बंदराचं नाव पाच अक्षरी आहे: आय-एन-एन-एस-ए. पहिली दोन अक्षरं देशाची, पुढची तीन जागेची. शांघायमधल्या यंत्राला शेवा कोळीवाडा कुठे होता आणि तिथली माणसं कुठे गेली याच्याशी कर्तव्य नाही. पाच अक्षरं जुळली की झालं.

डब्यालाही असंच नाव असतं. चार इंग्रजी अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक एकटा आकडा. हा शेवटचा आकडा मला फार आवडतो. उदाहरणार्थ, सीएसक्यूयू ३०५४३८ आणि चौकटीत ३. प्रत्येक अक्षराला एक किंमत दिलेली आहे, सी म्हणजे १३, एस म्हणजे ३०, क्यू २८, यू ३२. या किमतींना आणि पुढच्या आकड्यांना क्रमाने १, २, ४, ८, १६ असं दुप्पट करत गुणायचं, बेरीज करायची. ती येते ६१८५. तिला ११ ने भागलं की बाकी ३. कुणी घाईत ५ च्या जागी ६ टाइप केला, तर बाकी जुळत नाही आणि यंत्र तिथेच म्हणतं, असा डबा नाही. निरोप आत शिरण्याआधीच दारात त्याची ओळख तपासणारा हा पहारेकरी अवघ्या एका आकड्याचा आहे.

आता एक आयातीचा डबा घ्या. शिपिंग लाइनचा संगणक कस्टम्सला कळवतो की या जहाजात हे हे डबे आहेत. धंद्यात याला आयजीएम म्हणतात. सीएचए बेलापूरच्या किंवा पनवेलच्या ऑफिसात बसून आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर बिल ऑफ एन्ट्री भरतो. शुल्क बँकेत जातं आणि बँकेचा संगणक ते कस्टम्सला सांगतो. टर्मिनलचा संगणक वेगळा. त्यातही न्हावा शेव्याला एकच टर्मिनल नाही, डीपी वर्ल्ड, एपीएम, पीएसए अशा जगभर पसरलेल्या कंपन्यांची वेगवेगळी टर्मिनलं आहेत आणि प्रत्येकीची यंत्रणा आपापली. मग सीएफएस, मग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर, मग ट्रान्सपोर्टर, मग ई-वे बिल. डबा एक, तो उचलणारी क्रेन एक, पण तो कुठे आहे आणि कुणाचा आहे हे निदान आठ-दहा यंत्रणा आपापल्या वहीत लिहितात. सगळ्या वह्या जुळल्या पाहिजेत.

कस्टम्सने ही संगणकीय देवाणघेवाण १९९५ मध्ये दिल्लीच्या कस्टम हाऊसपासून सुरू केली. जगात तिचं मूळ मात्र युद्धोत्तर बर्लिनमध्ये सापडतं. १९४८-४९ मध्ये सोव्हिएत नाकेबंदीमुळे पश्चिम बर्लिनला विमानांनी धान्य-कोळसा पुरवला जात होता. प्रत्येक देशाचे माल-तक्ते वेगळे, भाषा वेगळी, प्रती वेगवेगळ्या. एड गिल्बर्ट नावाच्या अमेरिकी सैन्यातल्या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मालाचा एकच ठरावीक तक्ता बसवला, जो टेलेक्सने किंवा फोनवरूनही पाठवता येईल. कॉम्प्युटरचा तिथे संबंधच नव्हता. कोणत्या रकान्यात काय लिहायचं, एवढंच ठरवलं होतं.

त्याच वंशातलं एडिफॅक्ट १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जागतिक मानक झालं आणि अजून बंदरांत नांदतंय. त्याचा निरोप उघडून पाहिला तर वाक्य नाहीच. अधिकची चिन्हं रकाने तोडतात, अपूर्णविराम उपरकाने तोडतात आणि वरचा स्वल्पविराम ओळ संपवतो. बॅपली म्हणजे जहाजात कुठला डबा कुठे रचलाय. कोपरार म्हणजे कोणते चढवा, कोणते उतरवा. कोआरी म्हणजे चढवले-उतरवले. कोडेको म्हणजे गेटमधून आत आला किंवा बाहेर गेला. नावं उरणच्या मासळी बाजारात शोभतील अशी आहेत, पण वर्षानुवर्षांच्या भांडणातून ठरलेला एकेक रकाना त्यात आहे. गेटमधून आत आला म्हणजे नक्की कधी? ट्रेलर रांगेत लागला तेव्हा, बूम वर गेला तेव्हा, की सील तपासून स्लिप निघाली तेव्हा? यावर मी बैठकांमध्ये अख्खे दिवस घालवले आहेत. तारा जोडायला दोन तास लागतात.

तारांचाही हिशोब आहेच. दहा यंत्रणांना एकमेकींशी थेट जोडायचं तर ४५ जोड्या होतात. वीस झाल्या तर १९०. प्रत्येक जोडीचा करार वेगळा, बिघाड वेगळा, आणि ती जोडणारा माणूस नोकरी सोडून गेलेला. मोठ्या कंपन्यांत हे असंच झालं होतं. त्यावर १९९६ मध्ये गार्टनर या संस्थेच्या रॉय शुल्ट आणि येफिम नॅटिस या दोघांनी 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर' हा शब्दप्रयोग मांडला. मराठीत सेवाधिष्ठित रचना वगैरे म्हणता येईल, पण मला त्यासाठी 'खिडकी' बरा वाटतो. सरकारी कचेरीत खिडकीवर पाटी असते: अमुक अर्ज, तमुक जोडपत्रं द्या, दाखला मिळेल. आत कोण बसलंय, कपाट कुठलं, वही कुठली, हे बाहेरच्याने विचारायचं नाही. आतला कारकून बदलला तरी पाटीवरचा मजकूर बदलायचा नाही. प्रत्येक यंत्रणेने आपल्या कामाची अशी खिडकी काढावी आणि बाकीच्यांनी तिथूनच काम करून घ्यावं, आतल्या कपाटात हात घालू नये. विचार एवढाच. आपण ज्याला 'एक खिडकी' म्हणतो तीही हीच गोष्ट. १ एप्रिल २०१६ पासून कस्टम्सची स्विफ्ट नावाची एक खिडकी सुरू झाली. अन्नसुरक्षा, औषध नियंत्रण, वनस्पती संगरोध अशा खात्यांची परवानगी त्याच अर्जातून मागता येते. खाती एक झालेली नाहीत. खिडकीमागे निरोपांची ये-जा वाढली आहे, इतकंच.

पण खिडकीची एक मर्यादा असते. ती बंद असली की रांगेत उभं राहावं लागतं. तिथे आपल्या कचेऱ्यांनी शोधलेला उपाय म्हणजे बारनिशी. आवक-जावक बारनिशीत कागद नोंदवला, क्रमांक घेतला, की आणणाऱ्याने घरी जावं. साहेब दौऱ्यावर असोत, कागद हरवणार नाही. आयबीएमने १९९३ मध्ये एमक्यू सिरीज नावाने जे काढलं ते नेमकं हेच होतं. निरोप रांगेत ठेवा, समोरचा जागा झाला की घेईल. बँकांमध्ये त्याचे वंशज अजून आहेत. कामोठ्याहून बेलापूरच्या बँक-सेंटरांत आणि महापे-ऐरोलीच्या आयटी पार्कांत रोज जाणाऱ्यांपैकी कितीजण या रांगांवर पहारा देत रात्रपाळ्या करतात, हे सकाळी मानसरोवर स्टेशनवर उतरणाऱ्या जागरणी डोळ्यांवरून ओळखू येतं.

आणि मग बस. इथे एक मुंबईकर येतो. विवेक रणदिवे जुहूला वाढले आणि शिकायला एमआयटीत गेले. संगणकाच्या आत सर्किट बोर्डावर एक सामाईक मार्ग असतो, त्याला बस म्हणतात. नवं कार्ड त्यात खोचलं की ते बाकी सगळ्यांशी बोलू लागतं. सॉफ्टवेअरला अशी बस का नसावी, हा त्यांचा प्रश्न. ऐंशीच्या दशकात त्यांनी टेक्नेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स काढली आणि बसचं नावही 'द इन्फर्मेशन बस' ठेवलं. त्या काळी वॉल स्ट्रीटवर एकेका दलालापुढे चार-पाच पडदे असत, प्रत्येक बातमीदाराचा वेगळा. रणदिव्यांच्या बसवर भाव, बातम्या, सौदे एकाच वाटेने येऊ लागले. गोल्डमन सॅक्स त्यांच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. १९९४ मध्ये रॉयटर्सने ती कंपनी विकत घेतली, आणि १९९७ मध्ये रणदिव्यांनी त्याच बसच्या आद्याक्षरांवरून टिबको उभी केली. अमेरिकेत आज लोक त्यांना सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाचे मालक म्हणून ओळखतात.

त्यांच्या बसची खरी करामत मार्गात नव्हती, दवंडीत होती. सांगावा एका माणसाला जातो. दवंडी गावाला जाते. दवंडी पिटणाऱ्याला कोण ऐकतंय हे ठाऊक नसतं, त्याची गरजही नसते. ज्याचं शेत पाटाखाली आहे तो पाण्याच्या पाळीचं ऐकतो, बाकीचे जेवत राहतात. भाव बदलला, अशी दवंडी एकदाच द्यायची. ज्यांनी त्या विषयात कान लावलाय त्यांना ती पोचते. उद्या आणखी दहाजणांना ऐकायचं असेल तर दवंडीवाल्याला सांगायचीही गरज नाही. २०१६ च्या जुलैपासून न्हावा शेव्याच्या डब्यांवर रेडिओ टॅग लावायला सुरुवात झाली. टॅग लावलेला डबा वाटेतल्या टोलनाक्यावरून जाताना आपण इथे आहोत अशी दवंडी स्वतःच देतो.

पुढे या बसचं जे झालं ते मी जवळून पाहिलं. दोन हजारच्या दशकात प्रत्येक मोठ्या कंपनीला मधोमध एक 'एंटरप्राइझ सर्व्हिस बस' हवीच झाली. मग निरोप नेता नेता बसनेच तो बदलायला सुरुवात केली. तारीख उलटी कर, रक्कम रुपयांत आण, हा ग्राहक असेल तर त्या गोदामाला पाठव. कंडक्टरने प्रवाशांची लग्नं ठरवावीत तसं. एका ठिकाणी, नाव कशाला घ्या, गोदामाची यंत्रणा 'नग' पाठवायची आणि बिलाची यंत्रणा 'खोके' समजायची; मधल्या बसमध्ये बाराने भागणारी एक ओळ मीच लिहिली होती. कुणीतरी दहा नगांचं खोकं बाजारात आणलं. भागाकार बसेना म्हणून ते निरोप निमूट बाजूच्या 'डेड लेटर' रांगेत जाऊन पडले. पोस्टातल्या बेवारस पत्रांच्या खात्यावरून हे नाव आलंय. त्या रांगेकडे बघायचं काम कुणाचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझंच होतं, असं नंतर ठरलं.

निरोप पूर्णच थांबले तर काय होतं, हे आमच्या पट्ट्याने २०१७ मध्ये पाहिलं. २७ जूनला युक्रेनमधल्या एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा संगणकी विषाणू सुटला आणि काही तासांत मर्स्क या जगातल्या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या कंटेनर कंपनीचे संगणक काळे पडले. न्हावा शेव्याचं जीटीआय टर्मिनल मर्स्कच्याच एपीएमचं. क्रेन शाबूत, डबे शाबूत, धक्क्याला पाणी नेहमीइतकंच. पण कुठला डबा कुणाचा, हे सांगणारं कुणी राहिलं नाही. काम हाताने करायचा प्रयत्न झाला, जहाजं शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावी लागली, आणि ट्रेलर साठले. हजारो डब्यांची भिंत समोर उभी आणि प्रत्येकावर तो अकरा खुणांचा क्रमांक स्वच्छ रंगवलेला, तरी उपयोग शून्य. क्रमांक डब्यावर असतो, मालकी निरोपात असते.

मर्स्कने नंतर दाव्होसमध्ये सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरांचं. कंपनीच्या संगणकांना एकमेकांची ओळख पटवून देणाऱ्या यंत्रांच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या होत्या, एक सोडून. ती घानामध्ये होती आणि हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. उरण-पनवेलच्या माणसाला वीज जाण्याचं एवढं कौतुक ऐकायची सवय नाही.

खोक्यांच्या त्या प्रकरणानंतर मी ज्या गोष्टीकडे वळलो ती एका पुणेकर मुलीने घडवलेली आहे. नेहा नारखेडे पुण्याच्या पीआयसीटीतून शिकून जॉर्जिया टेकला गेल्या. लिंक्डइनमध्ये असताना जे क्रेप्स आणि जून राव यांच्यासोबत त्यांनी काफ्का बनवलं. २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. २०१४ मध्ये तिघांनी कॉन्फ्लुएंट ही कंपनी काढली, २०२१ मध्ये ती नॅस्डॅकवर आली. नाव कादंबरीकाराचंच आहे. लिहिण्यासाठी बनवलेली यंत्रणा म्हणून लेखकाचं नाव, असं क्रेप्स सांगतात. कचेऱ्यांच्या चक्रव्यूहात माणूस हरवतो अशा गोष्टी लिहिणाऱ्याचं नाव निरोपांच्या यंत्रणेला मिळावं, हे मला त्याहून जास्त पटतं.

काफ्का म्हणजे बारनिशी नव्हे. बारनिशीतला कागद साहेबांनी उचलला की रांगेतून जातो. काफ्का ही रोजकीर्द आहे. जे झालं ते त्या क्रमाने लिहायचं, खाडाखोड नाही, मधे घुसवणं नाही. वाचणारे कितीही असोत, प्रत्येकाने आपली खूण आपल्याजवळ ठेवायची की मी कुठवर वाचलं. एखादा चार दिवस आजारी पडला तर आल्यावर आपल्या खुणेपासून पुढे वाचतो, बाकीच्यांचं अडत नाही. हिशोब चुकला असं वाटलं तर मागे जाऊन पुन्हा वाचता येतं. माझे ते दहा नगांचे निरोप रोजकीर्दीत असते, तर भागाकार सुधारून त्या तारखेपासून पुन्हा चालवता आले असते. आणि वही मुद्दाम बिनडोक ठेवली आहे. भागाकार ज्याला हवा त्याने आपल्या घरी करावा.

एवढं सगळं असूनही एक खोट कधीच जात नाही. सेक्टरातल्या वडापावच्या गाडीवर ती दिवसातून दहा वेळा दिसते. वीस रुपये कापल्याचा मेसेज गिऱ्हाइकाला आला, पण गाडीवरचा स्पीकर गप्प. गिऱ्हाईक म्हणतं गेले, गाडीवाला म्हणतो आले नाहीत, आणि दोघंही खरं बोलतायत. एका बँकेने कापले, मधे यूपीआय चालवणारी एनपीसीआय, पलीकडच्या बँकेचा होकार परत येताना अडकला. पाठवणाऱ्याला हे कळायला मार्गच नसतो की गेलेला निरोप हरवला की आलेली पोच. पुन्हा पाठवावं तर दोनदा कापले जातील. म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा वेगळा क्रमांक असतो आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर समोरच्याने शांतपणे म्हणायचं असतं, हे झालंय. पोच हरवू शकते, पोचेची पोचही हरवू शकते. या साखळीला शेवट नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. आपण फक्त दोनदा ऐकूनही एकदाच करायला शिकायचं.

आणि काही ठिकाणी तर निरोप पाठवायचीच कुणाची तयारी नसते. मर्स्क आणि आयबीएमने २०१८ मध्ये ट्रेडलेन्स नावाचा मोठा सामाईक मंच काढला, सगळ्या लाइनींनी, बंदरांनी, कस्टम्सनी त्यावर बोलावं म्हणून. तंत्रज्ञान उत्तम होतं. २०२२ च्या नोव्हेंबरात त्यांनीच तो बंद करत असल्याचं जाहीर केलं. पुरेसं सहकार्य मिळालं नाही, हे कारण. मला नवल वाटलं नाही. प्रतिस्पर्ध्याच्या बसमध्ये आपलं गिऱ्हाईक कोण बसवेल? आपल्याकडे बंदरांचा सामाईक मंच इंडियन पोर्ट्स असोसिएशनने चालवला, २०१८ मध्ये पीसीएस-वन-एक्स आणि २०२३ च्या जानेवारीत त्याच्या पुढचं राष्ट्रीय पोर्टल. शेजाऱ्याच्या त्याबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण बस कुणा एका लाइनची नाही ही तक्रार त्यात नाही.

परवा रात्री पावणेबाराला त्याचा ओओसी आला. मला वाटलं आता झोपेल. तो तिथेच उभा राहिला. कस्टम्सचा निरोप टर्मिनलला यंत्रानेच कळला होता, लाइनची डिलिव्हरी ऑर्डरही आली होती. फक्त ट्रेलरवाल्याला कळवायचं बाकी होतं. त्याने पडद्याचा फोटो काढला, व्हॉट्सअॅपवर टाकला, खाली लिहिलं, पहाटे चारला गेट, डबा नंबर नीट बघ.

मिनिटभराने अंगठा आला.

त्याने तो मला दाखवला. मग आम्ही दोघं बराच वेळ महामार्गाकडे बघत राहिलो. त्याने वाचून अंगठा दाबलाय की नुसताच दाबलाय, हे चारपर्यंत कळणार नव्हतं.